सीओपीडीचा अ‍ॅटॅक : स्टिरॉइडच्या गोळीऐवजी वाफेतलं स्टिरॉइड चालतं का?

उसाचीकांडी | १४ नोव्हेंबर, २१:५२

नमस्कार मंडळी. आरोग्य विभाग चाळला. दम्यावर पोत्याने धागे आहेत, सीओपीडीवर (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा फुप्फुसाचा आजार) एकही धड नाही. म्हणून नवीन काढतेय.

सासूबाई ६८ वर्षांच्या. विडी-सिगारेट सोडाच, कधी मिश्रीही लावली नाही. पण जन्म गेला चुलीपुढे. घरात गॅस येऊन बरीच वर्षं झाली, तरी भाकरी चुलीवरची आणि अंघोळीचं पाणी परसातल्या बंबाचं, यात बदल नाही. मागे नळीत जोरात फुंकायची तपासणी झाली, तेव्हा सीओपीडी असल्याचं कळलं. जोडीला शुगर आहे, त्याच्या गोळ्या चालू आहेत.

दिवाळीत फटाक्यांचा धूर झालाच, त्यात शेजारच्या शिवारात तोड झाल्यावर पाचट पेटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना दोन शब्द सलग बोलता येईनात. बेडका पिवळा-हिरवा. तालुक्याला अ‍ॅडमिट केलं. तिथे ड्युओलिन (श्वासनळ्या सैल करणारं औषध) आणि बुडेकॉर्टची (बुडेसोनाइड नावाचं स्टिरॉइड) वाफ, शिरेतून स्टिरॉइड, अँटिबायोटिक. श्वास मोकळा झाला, पण शुगर ३८० वर गेली आणि इन्सुलिन द्यावं लागलं. घरी सोडताना प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या उरलेल्या दिवसांच्या गोळ्या, कायमचा फोराकोर्टचा पंप (इन्हेलर) आणि लागेल तेव्हा ड्युओलिनची वाफ, असं लिहून दिलंय. वाफेचं मशीन (नेब्युलायझर) आम्ही विकत घेतलं.

आता माझा प्रश्न. पुढच्या वेळी त्रास सुरू झाल्याबरोबर घरीच बुडेकॉर्टची वाफ दिली, तर गोळी आणि त्या शुगरच्या भानगडी टळतील का? मेडिकलवाले म्हणाले, "देतात की बरेच जण." शिवाय पंपातही स्टिरॉइड आहे हे आत्येसासूबाईंनी सांगितल्यापासून आमच्या बाईंनी पंप उशीखाली दडवून ठेवलाय. सवय लागते, हाडं ठिसूळ होतात, आणि आता बरं वाटतंय तर कशाला, हे त्यांचं म्हणणं. नवरा दोन्हीकडून हो म्हणतो.

---

सह्यकडा | १४ नोव्हेंबर, २२:१०

स्टिरॉइड म्हणजे स्टिरॉइड, गोळीतून घ्या नाहीतर वाफेतून. एकदा आत गेलं की सुटत नाही. आमच्या भागात एक वैद्य पुडी देतात, तासाभरात माणूस बैलासारखा चालायला लागतो. पत्ता हवा असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवा.

---

चिठ्ठीवाचक | १४ नोव्हेंबर, २२:३१

सह्यकडा, तासाभरात धाप जाते म्हणता, मग त्या पुडीत काय असेल याचा मला तरी अंदाज आहे. औषधांच्या दुकानात उभं राहून माझे केस पांढरे झाले. अशा पुड्यांमध्ये कुटलेल्या डेक्सा-प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सापडतात, ही बातमी काही नवी नाही. माणसाचं तोंड गोल गरगरीत होतं, हातावर नुसतं दाबलं तरी काळंनिळं पडतं, आणि घरचे म्हणतात, तब्येत सुधारली! पुडी अचानक बंद केली की मग खरा गोंधळ, कारण शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणंच कमी केलेलं असतं.

ताई, आत्याबाईंना एवढं सांगा. पंपाच्या डबीवर ४०० लिहिलंय ते मायक्रोग्रॅम. गोळी ४० मिलिग्रॅमची. हजार मायक्रोग्रॅमचा एक मिलिग्रॅम होतो. दिवसातून दोनदा ४०० ओढलं तरी मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही.

---

टपोरा_गुलाब | १४ नोव्हेंबर, २२:३८

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही वडिलांचं हेच चाललंय.

---

फुप्फुसवाला | १४ नोव्हेंबर, २३:४७

ओपीडी संपवून आत्ता बसलोय, त्यामुळे लांबण लागणार आहे. आधीच सांगतो, मी छातीविकाराचा डॉक्टर असलो तरी तुमच्या पेशंटला तपासलेलं नाही. इथे वाचून औषध बदलू नका, वाचून आपल्या डॉक्टरांना प्रश्न विचारा.

चिठ्ठीवाचकांच्या हिशेबात थोडी भर. वजनाला वजन लावून ही तुलना होत नाही, कारण बुडेसोनाइड प्रेडनिसोलोनपेक्षा वजनामागे बरंच तगडं आहे. तरीही त्यांचा मुद्दा टिकतो. पंपातला जो भाग घशातून पोटात जातो, त्यातला ९० टक्क्यांच्या आसपास यकृत पहिल्याच फेरीत निकामी करतं. गोळी मात्र अंगभर फिरण्यासाठीच बनवलेली आहे. म्हणून साखर गोळीने उसळते, पंपाने सहसा तेवढी नाही.

आता मूळ प्रश्न. इथे दोन वेगळी कामं एकमेकांत मिसळली जाताहेत. रोजच्या पंपातलं स्टिरॉइड हे पुढचा अ‍ॅटॅक येऊ नये म्हणून असतं. धाप लागल्यावर ते चार वेळा जास्त ओढून अ‍ॅटॅक मोडत नाही. अ‍ॅटॅकमध्ये आधी धावून येतं ते नळ्या सैल करणारं औषध, म्हणजे सालब्युटामॉल, इप्राट्रोपियम, तुमच्याकडचं ड्युओलिन. त्याचा असर मिनिटांत दिसतो. स्टिरॉइड सूज उतरवतं आणि त्याला काही तास लागतात.

अ‍ॅटॅकमध्ये गोळीऐवजी वाफेतलं बुडेसोनाइड देऊन पाहिलेलं आहे. या विषयावरचा नेहमी सांगितला जाणारा अभ्यास २००२ सालचा. अ‍ॅटॅक घेऊन आलेल्या १९९ पेशंटांचे तीन गट केले. एकाला बुडेसोनाइडची वाफ, दुसऱ्याला प्रेडनिसोलोनची गोळी, तिसऱ्याला नुसतं दिखाऊ औषध. हे ७२ तास चाललं, बाकीचे उपचार सगळ्यांना होतेच. पहिल्या सेकंदात किती हवा फुंकून बाहेर टाकता येते, ते मोजलं. वाफ आणि गोळी, दोन्ही दिखाऊ औषधापेक्षा सरस ठरली. गोळी किंचित पुढे होती, पण साखर वाढण्याचं प्रमाणही गोळीवाल्यांतच जास्त होतं. त्यामुळे गोल्ड नावाची जी जागतिक मार्गदर्शिका आम्ही वापरतो, तीही म्हणते की काही पेशंटांत नुसती बुडेसोनाइडची वाफ हा गोळीला पर्याय होऊ शकतो.

इथपर्यंत वाचून मशीन लावायला उठू नका. त्या अभ्यासात डोस होता दर सहा तासांनी २ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ८. बाकीच्या अभ्यासांतही साधारण ४ ते ८ च्या घरातच डोस आहेत. तुमच्याकडची बुडेकॉर्टची कुपी बहुधा ०.५ ची असेल. सकाळ-संध्याकाळ एकेक म्हणजे दिवसाला १ मिलिग्रॅम. ८ गाठायला अशा १६ कुप्या लागतील. घरोघरी "बुडेकॉर्ट चालू आहे" म्हणतात ते या आठव्या हिश्शाच्या डोसबद्दल, आणि तेवढ्याने गोळीचं काम होतं असं त्या अभ्यासातून निघत नाही. शिवाय ते पेशंट रुग्णालयात नजरेखाली होते आणि ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचून आम्ल वाढलंय असे अत्यवस्थ लोक त्यात नव्हते.

म्हणजे तुमच्या सासूबाईंसारख्या, गोळीने शुगर ३८० वर गेलेल्या पेशंटमध्ये हा पर्याय डॉक्टरांशी बोलण्यासारखा नक्की आहे. पण तो पूर्ण डोसमध्ये, त्यांच्या सल्ल्याने, अ‍ॅटॅक मध्यम असेल तर. घरच्या घरी अर्ध्या मिलिग्रॅमच्या कुपीवर दिवस काढायचे आणि चौथ्या दिवशी निळे ओठ घेऊन कॅज्युअल्टीत यायचं, हे मी दर हिवाळ्यात बघतो.

आणि गोळीची एवढी धास्ती नको. पूर्वी दोन-दोन आठवडे गोळ्या चालायच्या. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधला ३१४ पेशंटांचा अभ्यास आला. रोज ४० मिलिग्रॅम, एका गटाला ५ दिवस, दुसऱ्याला १४ दिवस. पुढच्या सहा महिन्यांत पुन्हा अ‍ॅटॅक येण्यात दोन्ही गट सारखेच निघाले. पाच दिवसांत काम होत असेल, तर ते पाच दिवस शुगर दिवसातून तीन-चारदा तपासायची आणि शुगरचे डॉक्टर सांगतील तसं औषध वाढवायचं. पाच दिवसांच्या गोळीने हाडं ठिसूळ होत नाहीत. वर्षात चार-पाच अ‍ॅटॅक आले आणि प्रत्येक वेळी गोळ्या घ्याव्या लागल्या, तर मात्र हळूहळू होतात. ते टाळायचं म्हणून तर पंप. आत्याबाईंच्या भीतीवरचा उपाय आत्ता उशीखाली आहे.

---

रातपाळी | १५ नोव्हेंबर, ०७:२०

डॉक्टरांना +१. मी आयसीयूत स्टाफ नर्स आहे, आत्ताच ड्यूटी संपली. औषध कुठलं यापेक्षा ते आत जातं का, यावरच माझी रात्र जाते, म्हणून थोडं लिहिते.

बुडेसोनाइडची वाफ फक्त हवेच्या दाबावर चालणाऱ्या, घर्रघर्र आवाजाच्या कॉम्प्रेसर मशीनमधून द्यायची. ते बिनआवाजाचं अल्ट्रासोनिक मशीन या औषधाला चालत नाही. औषध गढूळ असतं, पाण्यात विरघळलेलं नसतं, त्यामुळे कुपी हलवून मगच फोडायची. मास्क नाकातोंडावर घट्ट बसला पाहिजे. मशीन भिंतीकडे धूर सोडतंय आणि आजी टीव्ही बघताहेत, हे दृश्य कितीदा बघितलं त्याला गणती नाही. वाफ झाली की चूळ भरून थुंकायची आणि मास्कखालचा चेहराही धुवायचा. नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी येते, जेवताना चरचरतं, मग पेशंट म्हणतो, औषधाने तोंड आलं, बंद करा.

पंपाचं तर विचारू नका. दाबायचा पंप असेल तर श्वास पूर्ण सोडायचा, तोंडात धरायचा, सावकाश ओढायला सुरुवात करायची, तेव्हाच दाबायचं, आणि दहा आकडे होईपर्यंत श्वास रोखायचा. वयस्कर माणसाला हा ताल जमत नाही, म्हणून मधे स्पेसर (पंप आणि तोंड यांच्यामधली प्लास्टिकची पोकळ नळी) लावा. कॅप्सूलचा, फिरवायचा प्रकार असेल तर उलट, जोरात आणि खोल ओढायचं, आत कॅप्सूलची फडफड ऐकू आली पाहिजे. आमच्याकडे एक काका आले होते, महिनाभर त्या कॅप्सूल पाण्याबरोबर गिळत होते. बायको शेजारी उभी राहून म्हणते, "रोज न चुकता देते हो सिस्टर."

स्पेसर साबणाच्या पाण्यातून काढून तसाच निथळू द्यायचा. आतून फडक्याने पुसला की प्लास्टिकमध्ये वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटतं.

---

सह्यकडा | १५ नोव्हेंबर, ०९:०५

एवढी सगळी औषधं, मशीनं, नळकांडी. आमची आजी चुलीवर स्वयंपाक करून ९० वर्षं जगली. धुराने काही होत नाही, शुद्ध हवा आणि प्राणायाम करा.

---

चिठ्ठीवाचक | १५ नोव्हेंबर, ०९:२२

शुद्ध हवा पाहिजे आणि धुराने काही होत नाही, दोन्ही एकाच वाक्यात? हलके घ्या.

---

फुप्फुसवाला | १५ नोव्हेंबर, १३:४०

प्राणायामाला माझी ना नाही. अ‍ॅटॅक ओसरल्यावर चालण्याचा आणि श्वासाचा व्यायाम आम्हीच शिकवतो. पण धुराबद्दल तुमचं म्हणणं साफ चूक. बिडी-सिगारेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीवर जगाचं लक्ष वेधणारा एक ठळक लेख २००९ साली लॅन्सेटमध्ये आला, तो पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांचा. चुलीचा धूर, शेतातली-कारखान्यातली धूळ, जुना टीबी, बरा न झालेला दमा ही सगळी कारणं त्यात आहेत. २०१६ साली भारतात सीओपीडीचे साडेपाच कोटी पेशंट असल्याचा अंदाज होता. माझ्या ओपीडीतल्या निम्म्या बायकांनी विडी कधी हातात धरलेली नसते. त्यांना आधी "दमा" म्हणून, मग "वय झालं" म्हणून वर्षानुवर्षं घालवलेली असतात.

आणि तुमच्या आजीबद्दल आदर आहेच. ज्या चाळिशीत खोकून गेल्या, त्यांच्या नातवंडांना त्या आठवत नाहीत, एवढंच.

---

धागा_राखणदार | १५ नोव्हेंबर, १४:०२

सूचना : पुडीवाल्या वैद्यांचा पत्ता आणि फोन नंबर असलेला एक प्रतिसाद उडवला आहे. औषधचिठ्ठीचे फोटो टाकू नयेत. चर्चा विषयावर ठेवा.

---

तिसरी_घंटा | १५ नोव्हेंबर, १८:३३

मला दुसरी बाजू मांडायची आहे, कारण इथे पंपातलं स्टिरॉइड सगळ्यांना चांगलंच असा सूर लागतोय.

बाबा आयुष्यभर विडी ओढणारे. सीओपीडी ठरल्याबरोबर स्टिरॉइडचा पंप सुरू झाला, तोही मोठ्या डोसचा. त्यानंतर त्यांना न्युमोनिया झाला, बरा झाला आणि परत झाला. दुसऱ्या वेळी नव्या डॉक्टरांनी जुने सगळे रक्ताचे कागद मागवून घेतले, एका ओळीखाली पेनने रेघ मारली आणि म्हणाले, यांच्या इओसिनोफिल पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार) कायमच साठ-सत्तरच्या आसपास आहेत, यांना या स्टिरॉइडचा फायदा जवळपास नाही, धोका तेवढा आहे. स्टिरॉइड काढून नळ्या सैल करणारी दोन लांब पल्ल्याची औषधं एकत्र असलेला पंप दिला. तेव्हापासून ठीक आहेत. आधीच्या ठिकाणी ही रेघ कुणी का मारली नाही, हा राग माझ्या मनातून जात नाही.

---

फुप्फुसवाला | १५ नोव्हेंबर, २३:१५

तिसरी घंटा, राग रास्त आहे, आणि हा मुद्दा आला हे फार बरं झालं.

न्युमोनियाची गोष्ट खरी आहे. २००७ सालच्या टॉर्च नावाच्या अभ्यासात सहा हजारांवर पेशंट तीन वर्षं पाहिले. साल्मेटेरॉल (नळ्या सैल करणारं) आणि फ्लुटिकासोन (स्टिरॉइड) एकत्र घेणाऱ्यांचे अ‍ॅटॅक दिखाऊ औषधवाल्यांपेक्षा एक चतुर्थांशाने कमी झाले. पण न्युमोनिया १२.३ टक्क्यांऐवजी १९.६ टक्क्यांना झाल्याची नोंद झाली. दोन्ही आकडे एकाच अभ्यासातले आहेत. कंपनीचा माणूस पहिला सांगतो, व्हॉट्सअ‍ॅप दुसरा सांगतं. पुढे २०१६ च्या फ्लेम अभ्यासात स्टिरॉइड नसलेला दोन औषधांचा पंप अ‍ॅटॅक टाळण्यात स्टिरॉइडवाल्या पंपाच्या पुढे गेला. त्यामुळे आता सीओपीडी म्हटलं की सुरुवातच स्टिरॉइडने करत नाहीत. वरचेवर अ‍ॅटॅक येतात का, दम्याची पार्श्वभूमी आहे का आणि रक्तात इओसिनोफिल किती आहेत, हे बघून ते जोडतात. ३०० किंवा वर असतील तर फायदा ठळक. १०० च्या खाली असतील तर जवळपास नाहीच, आणि न्युमोनिया होऊन गेला असेल तर देऊच नये याकडे कल. मधल्यांमध्ये एकेकाचं बघून ठरवायचं.

आपल्याकडे यात दोन खाचखळगे आहेत. लॅबचा कागद बहुतेक टक्केवारी देतो. पांढऱ्या पेशी ८,००० आणि इओसिनोफिल ३ टक्के असतील तर गुणाकार करून २४० येतात, ते आपले आपण काढायचे. दुसरं म्हणजे जंत असले तरी हा आकडा फुगतो, आणि स्टिरॉइडची गोळी-इंजेक्शन चालू असेल तर तो धाडकन शून्याच्या जवळ येतो. अ‍ॅडमिट असताना काढलेल्या रक्तावर हा निर्णय घ्यायचा नसतो. बरं असतानाचा, शक्यतो एकापेक्षा जास्त वेळचा आकडा बघायचा.

जुना टीबी असेल तर तेही डॉक्टरांना आठवणीने सांगा. घरातले लोक लपवतात. स्टिरॉइड देताना ती माहिती लागते.

पण कुणीही हे वाचून आपल्या वडिलांचा पंप उद्या बंद करू नका. इओसिनोफिल जास्त असलेल्यांचा पंप काढला की अ‍ॅटॅक वाढतात, हेही पाहिलं गेलंय.

---

लेस्टरचा_पाऊस | १६ नोव्हेंबर, ०२:४८

इकडचं सांगतो. आई माझ्याकडे इंग्लंडात राहायला आल्यावर तिला जीपीकडून (तिकडचे फॅमिली डॉक्टर) रेस्क्यू पॅक मिळालं. एका पिशवीत ३० मिलिग्रॅमच्या हिशेबाने ५ दिवसांचं प्रेडनिसोलोन आणि एक अँटिबायोटिक. सोबत कागद, त्यावर तिची नेहमीची अवस्था लिहिलेली : जिना किती चढते, कफाचा रंग कसा. नेहमीपेक्षा धाप वाढली आणि आधी पंप वाढवूनही उतरली नाही तर गोळी, कफाचा रंग बदलला तर अँटिबायोटिक. पिशवी उघडली की नर्सला फोन करायचाच. नर्स पहिल्यांदा विचारते, "कफ कसा दिसतो?" आईला इंग्रजीत रंग सांगता येत नाहीत, म्हणून ती हळदीच्या डब्याकडे बोट दाखवते आणि मी फोनवर भाषांतर करतो.

वाफेचं मशीन मात्र मागूनही घरी दिलं नाही. पंप स्पेसरमधून नीट घेतला तर बऱ्याच जणांना तेवढंच पुरतं, असं त्यांचं म्हणणं. पुण्याचे नातेवाईक अजून मला विचारतात, "अरे, मशीन नाही दिलं? मग कसली ती ट्रीटमेंट?"

---

टपोरा_गुलाब | १६ नोव्हेंबर, ०८:१२

मशीनवरून आठवलं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत २०२१ मध्ये आमच्या सोसायटीत सगळ्यांनी बुडेसोनाइडचे पंप आणून ठेवले होते. कपाटात अजून पडलाय. बाबांना तो चालेल का?

---

चिठ्ठीवाचक | १६ नोव्हेंबर, ०८:३०

कचऱ्यात टाका. मुदत संपली असणार. आणि तो नुसत्या बुडेसोनाइडचा असेल. सीओपीडीत एकटं स्टिरॉइड पंपातून कायमचं देत नाहीत, जोडीला लांब पल्ल्याचं नळ्या सैल करणारं औषध लागतं. कोविडमध्ये सौम्य आजारासाठी ८०० मायक्रोग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, असं सरकारी मार्गदर्शनात आलं होतं. तो विषय वेगळा.

जाता जाता : डेरिफायलिनची (धापेवरचं जुनं औषध) सुई मागायला येणाऱ्यांची रांग अजून ओसरलेली नाही. "डॉक्टर, ती जुनी पिवळी बाटली द्या," म्हणतात. डॉक्टर, त्याबद्दल दोन ओळी लिहाल का?

---

फुप्फुसवाला | १६ नोव्हेंबर, १४:२०

दोनच ओळी. अ‍ॅटॅकमध्ये त्या गटातली औषधं आता सुचवत नाहीत. फायदा थोडा आणि छातीत धडधड, उलट्या, कधी झटके हा त्रास मोठा.

त्याहून महत्त्वाचं, ऑक्सिजन. कोविडपासून घरोघरी कॉन्सन्ट्रेटर आहेत. सीओपीडीच्या पेशंटला रक्तातला ऑक्सिजन ९९ टक्के दिसेपर्यंत ऑक्सिजन सोडायचा नसतो. अ‍ॅटॅकमध्ये आमचं लक्ष्य ८८ ते ९२ असतं. त्याच्या वर ताणला की काहींच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो, माणूस शांत झोपल्यासारखा दिसतो आणि घरच्यांना वाटतं, आराम पडला. सतत गुंगी, भलतंच बोलणं, ओठ-नखं निळी, एक वाक्य पुरं न करता येणं, यातलं काहीही दिसलं तर वाफेच्या पुढच्या फेरीची वाट बघायची नाही, गाडी काढायची.

---

उसाचीकांडी | १९ नोव्हेंबर, २२:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. काल फेरतपासणीला गेलो होतो. इथले प्रश्न कागदावर उतरवून नेले होते. डॉक्टरांनी आधी डोळे वटारले, मग चष्मा लावून सगळे वाचले.

अ‍ॅडमिट असतानाच्या रिपोर्टमध्ये इओसिनोफिल ० टक्के होते. फुप्फुसवाला म्हणाले होते म्हणून उन्हाळ्यातला शुगरच्या तपासणीबरोबरचा जुना कागद शोधून नेला. पेशी ९,२००, इओसिनोफिल ४ टक्के. मीच तिथे गुणाकार केला, ३६८. त्यावर जंताची गोळी देऊन पुन्हा रक्त तपासायचं ठरलं, पण तोवर स्टिरॉइडचा पंप चालूच ठेवायचा. स्पेसर लावून दिला. कंपाउंडरने चार वेळा करून घेतलं. पहिल्या तीन वेळा आमच्या बाईंनी पंप दाबून झाल्यावर श्वास ओढला, तोपर्यंत औषध हवेत.

पुढच्या अ‍ॅटॅकसाठी लेखी कागद मागितला. तो दिला. आधी ड्युओलिनची वाफ, उतार नसेल तर फोन. फोनवर ते ठरवणार, पाच दिवस गोळी की त्यांच्याकडे येऊन मोठ्या डोसची बुडेसोनाइडची वाफ. घरी स्वतःहून बुडेकॉर्ट सुरू करायचं नाही, हे खाली दोन रेघा मारून. गोळी घ्यावी लागली तर त्या दिवसांतलं शुगरचं वेळापत्रकही लिहून दिलंय. फ्लू आणि न्युमोनियाच्या लसी पुढच्या महिन्यात.

आत्याबाईंना चिठ्ठीवाचकांचा मायक्रोग्रॅमचा हिशेब वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "म्हणजे हजारातला एक? मग एवढ्याशाने काय होणार?" आता त्यांचा आक्षेप औषध कमी पडतं असा आहे.

बंब परसातून काढलाय. भाकरीवर अजून तह झालेला नाही.

---

रातपाळी | १९ नोव्हेंबर, २३:३०

पंप आधी दाबायचा आणि मग ओढायचा, ही चूक स्पेसरने बरीचशी सांभाळून घेतली जाते, घाबरू नका. फक्त एका वेळी एकच दाब, आणि तोंड लावून सावकाश पाच-सहा श्वास. पुढच्या भेटीत पुन्हा करून दाखवायला सांगा. लोक महिनाभरात आपली जुनी पद्धत परत आणतात.

---

अळवाची_वडी | २१ नोव्हेंबर, ११:१६

उशिरा आले धाग्यावर. आमच्याकडे आईला हॉस्पिटलातून ड्युओलिन आणि बुडेकॉर्ट दोन्ही दिवसातून दोनदा लिहून दिलंय. दोन्ही कुप्या एकाच वाटीत ओतल्या तर चालतात का? वेगवेगळ्या घ्यायच्या तर ती अर्धा तास मास्क लावून बसत नाही.

---

चिठ्ठीवाचक | २१ नोव्हेंबर, ११:४०

या दोन्ही चालतात. बुडेकॉर्टची कुपी हलवून घ्या, एकत्र ओता आणि लगेच वापरा, सकाळचं मिश्रण संध्याकाळला ठेवू नका. तिसरं काही लिहून दिलं असेल तर ते यात टाकण्याआधी विचारा. बुडेकॉर्टचं चंदेरी पाकीट फोडलं की त्यावर तारीख लिहा. उरलेल्या कुप्या पाकिटातच, उजेडापासून लांब. किती दिवस चालतात ते पाकिटावर छापलेलं असतं. आणि बिलावर कुपीची ताकद बघून घ्या, ०.५ आणि १ ची खोकी दिसायला जवळजवळ सारखी असतात.